९ तारखेची रांग

पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदरपणात ते निदान ११ तरी हवं. घरात गोळ्या नव्हत्या असं नाही. खासगी दवाखान्यातून लिहून दिलेलं टॉनिक परवडेना म्हणून अर्ध्यावर सोडलं होतं. आशाताईंनी आणून दिलेल्या लाल गोळ्या कपाटात पडून होत्या. "उष्ण पडतात, बाळ काळं होतं," असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मी घाबरले.

शेवटी आशाताईच मला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते आणि खासगी स्त्रीरोगतज्ज्ञही त्या दिवशी फी न घेता येऊन बसतात. केसपेपर, वजन, बीपी, रक्त, लघवी करता करता दोन तास गेले. आत गेले, तर समोर बाजारपेठेत स्वतःचं हॉस्पिटल असलेल्या मॅडम!

त्यांनी टॉनिकची बाटली आणि लाल गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवली. "दोन्हींत लोहच आहे. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे. विकतचं कशाला घेतेस?" सरकारी म्हणजे हलकं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ज्यांच्याकडे लोक पैसे मोजून जातात त्याच बाई ही गोळी घे म्हणाल्या, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

मग त्यांनी विचारलं, "घेतेस कशी?" कधीमधी घेतलीच तर जेवणानंतर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर, आणि वर चहा. चूक तिथेच होती. कॅल्शियम आणि चहा, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून त्यांनी लाल गोळ्या दिवसाला दोन केल्या, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने. शिवाय जंतांची एक गोळी.

पहिला आठवडा जड गेला. मळमळायचं, आणि शौचाला काळं झालं तेव्हा तर रडतच आशाताईंना फोन केला. "अगं, लोहानं तसं होतंच, बंद करू नकोस," म्हणाल्या. त्यानंतर दर आठवड्याला येऊन त्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. त्या मोजायच्या म्हणूनच मी घेत राहिले. मध्ये एकदा उपकेंद्रातलं कॅल्शियम संपलं, ते महिनाभर विकत आणावं लागलं. असं व्हायला नको. जिच्याकडे पैसे नाहीत ती त्या महिन्यात गोळीशिवायच राहते.

पुढच्या ९ तारखेला ९.६, त्यानंतर १०.५, आठव्या महिन्यात ११.१. बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं झालं.

बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते. माझे अजून दोन महिने बाकी आहेत. आता जाऊबाईंना दिवस गेलेत, त्यांना घेऊन मीच जाणार आहे. ९ तारखेला रविवार किंवा सुट्टी आली तर तपासणी पुढच्या कामाच्या दिवशी असते, तेवढं निघण्याआधी आशाताईंना विचारून घ्या.