लाइनदोरी

शनिवार, रात्री सव्वाअकरा. मुलुंड.

बाथरूमच्या फरश्या काल उखडल्या, आज नव्या बसायला सुरुवात. नऊला गवंडीकाका आले. पिशवीतून ओळंबा काढला, निळीत बुडवलेला दोरा काढला आणि म्हणाले, "ताई, आधी लाइन मारून घेतो."

चिरंजीव चहा पीत होता. इतका हसला की चहा नाकात गेला. काकांना जरा वेळाने कारण कळलं. "ती लाइन नव्हे रे बाबा. ती मारायचं वय गेलं आमचं."

मग दिवसभर हा शब्द माझ्या मागेच लागला. प्लंबर म्हणाला, खालची लाइनच चोकअप आहे. हरवलेल्या कार्डासाठी बँकेला फोन केला, तर "कृपया लाइनवर राहा". सत्तावीस मिनिटं राहिले, मग लाइनच कट. शिंपीणबाईंचा मेसेज, ब्लाउजला लायनिंग लावू का? जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, मुलगा पुढे कुठल्या लाइनला जाणार म्हणून चौकशी झाली. तो मुलगा तेव्हा दादरला सेंट्रल सोडून वेस्टर्न लाइन पकडून मरीन लाइन्सला चालला होता. (त्या 'लाइन्स' रुळांच्या नाहीतच. इंग्रजांच्या मरीन बटालियनची वस्ती होती तिथे. आपण पोलीस लाइन म्हणतो, त्याच जातीची ही लाइन.)

या प्रत्येक जागी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. कवितेची रांग होत नाही, बससाठी कुणी रेघेत उभं राहत नाही. माझ्यातल्या मास्तरणीने खरं तर नाराज व्हायला हवं होतं. पण नाही झाले. उलट कुतूहल वाटलं, एवढा पसारा एका शब्दाने कसा काय सांभाळला?

म्हणून रात्री जेवताना डाव्या हाताने शब्दकोश चाळत बसले. सासूबाईंना ते आवडत नाही. ताटात पिठलं, भात आणि त्यांनी परवा कुटलेली जवसाची चटणी. आणि कोशात काय निघावं? 'लाइन'चं मूळ लॅटिन 'लिनम', म्हणजे जवस! आपण बी कुटून चटणी करतो, तिकडे त्याच्या खोडातून वाख काढून सूत कातत. त्या सुताचा दोरा तो 'लिनिआ'. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून पुढे रेघेलाही तेच नाव. लिनन कापड त्याच झाडाचं. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायचे, म्हणून ते लायनिंग. वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव अजून लिनम युसिटॅटिसिमम आहे, म्हणजे अतिशय उपयोगाचं. बॅटला चोळतात ते अळशीचं तेल याचंच, म्हणजे बॉलरची लाइन आणि बॅट्समनचं तेल एकाच शेतातलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपलं सुतासारखा सरळ वेगळं काय आहे?"

खरंच की. आणि सुतार हा शब्दही 'सूत्रधार'वरून आलेला, हातात सूत धरणारा. सरळ म्हणजे काय हे दोन्हीकडच्या माणसांना ताणलेल्या धाग्यानेच दाखवलं. फक्त त्यांचा धागा जवसाचा. मी घास हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे, भात गार झाला. सासूबाईंनी मुकाट्याने शब्दकोश उचलून फ्रिजवर ठेवला.

संध्याकाळी निघताना काका भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "बघा, एकदम लाइनदोरीत आलीय." तेव्हा नुसती मान डोलावली होती. आता कळतंय, लाइनदोरी म्हणजे दोरीदोरी! पावरोटीसारखं. पोर्तुगीजांचा पाव म्हणजेही रोटीच.

उद्या रविवार, सोसायटीत ठोकाठोकी बंद. दोरा दोन खिळ्यांना तसाच ताणलेला आहे आणि सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असं काका बजावून गेलेत. उद्याच्या आंघोळी काकूंकडे.