नंबर लावून पाहिलेली अस्वलं

बाबांना अलास्कातली अस्वलं दाखवायची असं ठरलं, तेव्हा पैशांचं गणित जमवणंच अवघड जाईल असं मला वाटलं होतं. खरी दमछाक केली ती ५ जानेवारीच्या सकाळने.

बाबा कोल्हापुरात लॉकडाऊनपासून रोज सकाळी चहाबरोबर अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानातला ऑनलाइन कॅमेरा बघतात. ब्रुक्स नदीवरच्या धबधब्यावर तो लावलेला आहे. आपल्याकडे नऊ वाजतात तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात, आणि जुलैत त्या वेळी लख्ख उजेड असतो. ओटिस नावाचं म्हातारं अस्वल त्यांच्या खास मर्जीतलं. तिथे दर शरदात सगळ्यात लठ्ठ अस्वल कोण याचं ऑनलाइन मतदान होतं, ते त्याने चार वेळा जिंकलं. इतर अस्वलं धावतात, भांडतात, दुसऱ्याचा मासा पळवतात. ओटिस मात्र एका कोपऱ्यात पाण्यात बसून राही. "आमच्या स्टाफरूममध्ये असाच एक जण होता," असं बाबा म्हणत. ते भूगोलाचे शिक्षक होते.

तिथे राहायचे मार्ग दोनच. लॉजच्या खोल्या लॉटरीने मिळतात, त्याही वर्षभराहून आधी, आणि भाडं ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात आपल्या गल्लीचं गटार होईल." दुसरा मार्ग तंबूचा. तिथे एका वेळी फक्त साठ माणसं राहू शकतात. बुकिंग ५ जानेवारीला अलास्कातल्या सकाळी आठला उघडतं, म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये माझ्याकडे नऊला आणि कोल्हापुरात रात्री साडेदहाला. २०२३ साली मी तारीख निवडत बसले आणि तेवढ्यात जुलै संपला. पुढच्या वर्षी मी इकडून आणि भाऊ तिकडून बसलो. चालतील अशा तारखांच्या तीन जोड्या कागदावर लिहून ठेवल्या होत्या, तिसरी लागली. चार रात्री.

कॅटमायला रस्ता जात नाही. आधी अँकरेजहून विमानाने किंग सॅल्मन नावाच्या गावी जायचं आणि तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने पुढे. सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. काट्यावर उभं राहताना बाबांनी स्वेटर काढून माझ्या हातात दिला, जसं काही स्वेटर घरीच राहणार होता. धुक्यामुळे त्या दिवशी विमान उडालं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. जाताना एक आणि येताना एक, असे दोन दिवस हातचे ठेवलेच पाहिजेत. स्टोव्हचा गॅस प्रवासी विमानात चालत नाही. तो मुक्कामाच्या तळावरच्या छोट्या दुकानात घेतला.

वीसेक मिनिटांत नॅकनेक तलावाच्या काठाला लागलो. तंबू वगैरे नंतर, आधी वर्ग. नव्या माणसाला अस्वलांची शाळा सक्तीची आहे. अस्वलापासून निदान पन्नास यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, लांब राहायचं. पळायचं नाही. वाटेने बोलत, टाळ्या वाजवत चालायचं, म्हणजे ते दचकत नाही. ठरलेल्या जागा सोडून पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, खिशात गोळीसुद्धा नको. शेवटी छातीवर लावायला एक बिल्ला देतात. चाळीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाला विद्यार्थी म्हणून मिळालेला तो बिल्ला बाबा अजून फिरायला जाताना लावतात.

आईने लसणाची चटणी दिली होती. तिचा वास तीन पिशव्यांतूनही येत होता. वासाची प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, एका बंद खोपटात ठेवायची असते. रेंजरबाईंनी डबा हुंगला, भुवया उंचावल्या आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. तंबूंच्या जागेभोवती विजेच्या तारांचं कुंपण आहे. चंदगडकडे हत्ती-गव्यांसाठी शेताला झटका मशीन लावतात, तसंच. बाबा म्हणाले, "इथे पीक आपण आहोत."

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. नदीवर उंच लाकडी पूल आहे. त्याच्याखाली आणि काठावर अस्वलं मोकळी फिरतात आणि त्यांच्या सोयीप्रमाणे माणसांची रहदारी थांबते. एक आई दोन पिल्लं घेऊन वाटेवर लोळत होती, तर आम्ही पाऊण तास थांबलो. कोणी कुरकुर केली नाही. धबधब्यापाशीही तसंच. मचाणावर एका वेळी चाळीस माणसं, म्हणून आधी नाव लिहून नंबर लावायचा, दवाखान्यात लावतात तसा. वेळ संपली की उतरायचं, हवं तर पुन्हा नंबर लावायचा. दिवसभराच्या सहलीवाले संध्याकाळी परत उडून गेले की गर्दी ओसरते. मचाण रात्री दहापर्यंत उघडं असतं. आम्ही आठला गेलो आणि जवळजवळ दोन तास उभे राहिलो.

धबधबा पुरुषभर उंचीचा, जेमतेम सहा फूट. समुद्रात दोन-तीन वर्षं काढून सॉकाय सॅल्मन जन्मगावी परततात आणि इथे अडतात. जुलैत ते अजून चंदेरीच असतात, लाल रंग पुढे चढतो. वरच्या कठड्यावर एक अस्वल नुसतं तोंड उघडून उभं होतं. चार-पाच मासे नाकाला आपटून परत पडले आणि सहावा थेट जबड्यात आला. मासे मुबलक असले की ही मंडळी पूर्ण मासा खात नाहीत. कातडी, मेंदू आणि गाबोळी तेवढी खातात, उरलेला सोडून देतात. तो सीगलच्या वाट्याला येतो. चरबी हवी असते ना, अर्धं वर्ष गुहेत उपाशी झोपायचं असतं.

बाबांची नजर लांबच्या कोपऱ्यावर होती. शेवटी त्यांनी रेंजरला विचारायला लावलं. ओटिस २०२४ मध्ये आलाच नव्हता. रेंजरने तेवढंच सांगितलं. बाबांनी मान हलवली. मग बराच वेळ ते कॅमेऱ्याचा खांब कुठे आहे ते शोधत होते.

तिसरा दिवस ज्वालामुखीचा. बरेच लोक तो वगळतात. मला विचाराल तर अस्वलांचा एक दिवस कमी करा, पण हा करा. ३७ किलोमीटर कच्च्या रस्त्याने, ओढ्यांच्या पाण्यातून बस जाते आणि हिरवं रान एकदम संपतं. समोर राखेचं पठार. ६ जून १९१२ ला नोव्हारुप्टा फुटला आणि साठेक तास ओकत राहिला. विसाव्या शतकात यापेक्षा मोठा स्फोट झाला नाही. दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोडियाकमध्ये भरदिवसा हातातला कंदील दिसेना. दरीत काही ठिकाणी राख दोनशे मीटर साचली. आणि स्फोटात मेलं कोणीच नाही. सावोनोस्की गावचे लोक मात्र कायमचे विस्थापित झाले.

दहा किलोमीटरवरच्या कॅटमाय पर्वताचा माथा खचला, म्हणून अनेक वर्षं गुन्हा त्याच्याच नावावर होता. खालचा शिलारस नोव्हारुप्टाच्या वाटेने निघून गेला आणि वरचं छत कोसळलं, हे मागाहून कळलं. १९१६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज आला, तेव्हा दरीभर वाफेचे फवारे उठत होते. त्याने नाव ठेवलं दहा हजार धुरांची दरी. आता धूर नाही. राखेखाली गाडलेल्या ओढ्यांचं पाणी उकळत होतं, राख निवली तशी वाफ संपली. १९१८ साली इथे संरक्षण मिळालं ते याच दरीसाठी, अस्वलांचा बोलबाला नंतरचा.

बाबांनी एक फिकट दगड उचलला. तळहाताएवढा, वजन काहीच नाही. "अगं, ही तर पाय घासायची वजरी!" मग बसमधल्या एका अमेरिकन बाईंना ते माझ्यामार्फत समजावू लागले, की आमच्या सह्याद्रीत भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला, त्याचा काळा जड कातळ झाला, आणि इथे वायू भरलेला दगड फेसासारखा फुटला. बाईंना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी वही काढली. दगड उचलून नेणं गुन्हा आहे. बाबांनी तो जिथून घेतला होता तिथेच, त्याच बाजूने ठेवला.

परतीच्या दिवशी विमान वेळेवर आलं. पण किनाऱ्यावर एक अस्वल येऊन आडवं झालं होतं. पायलटने इंजिन बंद केलं आणि पाण्यातच तरंगत थांबला. आम्ही सामान उचलून मागे सरकलो. पन्नास मिनिटं झाली. बाबांनी रेंजरकडे बोट करून मला विचारलं, "वही कुठे आहे? ह्याचं नाव लिहून घेतलंय का कुणी?"