संध्याकाळची भाकरी

आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला पोळीऐवजी ज्वारीची भाकरी होऊ लागली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. बदल तसा लहानच, पण तो होताना घरातल्या इतक्या गोष्टी जागच्या हलल्या की आवडनिवड या गोष्टीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. "आमच्याकडे सगळ्यांना पोळीच आवडते" हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षे बोलले जात असे आणि त्यात कोणाला काही शंकाही येत नसे. आज मला वाटते की घराची आवड जिभेपेक्षा घड्याळावर अधिक ठरते, आणि त्याहीपेक्षा ओट्यापाशी उभे कोण राहणार यावर.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. त्या भागाला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवते आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, थंडीत हुरडा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, असे तिचे वर्ष असते. खरिपाच्या ज्वारीचे दाणे पावसात सापडले तर काळे पडतात, त्यामुळे खायला घ्यायची ती रब्बीचीच, यावर सासूबाईंचा फार कटाक्ष आहे. मालदांडी हे नाव तर त्या एखाद्या नातेवाइकाचे घ्यावे तशा आपुलकीने घेतात. या स्थानिक वाणातूनच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे एम ३५-१ हा वाण 1930च्या दशकात निवडून काढला गेला, आणि त्यानंतर इतके नवे वाण आले तरी भाकरीसाठी म्हणून आजही लोक दुकानात मालदांडीचेच नाव सांगतात. ज्वारीशी इतके जुने नाते असलेल्या घरातून ती नाहीशी कशी झाली, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता.

कारणे शोधताना मला आधी मोठी कारणे दिसली. सासूबाईंच्या लहानपणी गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तरच होत असे, रोजची ती भाकरी. पुढे गहू मुबलक झाला, रेशनवर मिळू लागला आणि पोळी रोजची झाली; भाकरी मात्र गरिबीशी आणि दुष्काळाशी जोडली गेली. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत, तिच्या भाकरीची आठवण सासूबाई आजही तोंड कडू करूनच सांगतात. "ती ज्वारी नव्हेच," असे त्या म्हणतात. शहरात आल्यावर परिस्थिती सुधारल्याची एक खूण म्हणजे ताटातली पांढरी, मऊ पोळी होती, आणि त्या पिढीने ती खूण आनंदाने स्वीकारली. यात नावे ठेवण्यासारखे मला काही वाटत नाही. ज्यांनी नाइलाजाने भाकरी खाल्ली, त्यांना पोळीचे अप्रूप वाटणारच.

परंतु आमच्या पुण्यातल्या घरापुरते बोलायचे तर खरे कारण याहून पुष्कळ साधे होते. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात आणि त्या सकाळी येतात. त्यांना आणखी घरे असतात, त्यामुळे दोन्ही वेळच्या पोळ्या त्या एकदमच करून ठेवतात. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेली पोळी रात्रीपर्यंत मऊ राहते, कणीक उरली तर फ्रिजमध्ये ठेवता येते, मुलाच्या डब्यात पोळीची गुंडाळी देता येते. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की ग्लुटेनचे जाळे तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते, लाटता येते आणि पोळी लवचिक राहते. ज्वारीत हे जाळे होत नाही. तिचे पीठ मळून ठेवण्यात अर्थ नसतो, एकेका भाकरीपुरते घेऊन पुन्हा मळावे लागते; आणि सकाळी केलेली भाकरी रात्री वातड किंवा कोरडी लागते. म्हणजे आमची पोळीची आवड बऱ्याच अंशी मावशींच्या वेळापत्रकाने घडवलेली होती. गंमत अशी की मावशी स्वतः त्यांच्या घरी रात्री भाकरीच करतात, कारण त्या वेळी त्या घरी असतात.

भाकरी हवी असेल तर ती रात्री, जेवणाच्या वेळी, कोणीतरी करायला हवी. सगळा प्रश्न या "कोणीतरी"मध्ये होता. नोकरी करून संध्याकाळी घरी आलेल्या बाईने पुन्हा परातीपाशी उभे राहायचे, एकेक भाकरी गरम वाढायची आणि शेवटी स्वतःसाठी उरलेली, निवलेली घ्यायची, हे माझ्या आईने आणि सासूबाईंनी केले. मला ते करायचे नव्हते, आणि सासूबाईंनीही त्यासाठी कधी आग्रह धरला नाही. पौष्टिक काय, पारंपरिक काय, यावर घराघरांत पुष्कळ बोलले जाते. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हापासून तर ज्वारी-बाजरीचे कौतुक सगळीकडे वाढले आहे. त्या कौतुकात ती भाकरी थापणाऱ्या हातांचा उल्लेख मला क्वचितच आढळतो.

आमच्याकडे सुरुवात झाली ती मुलामुळे. सुट्टीत तो आजीबरोबर गावी राहून आला आणि आल्यावर भाकरी मागू लागला. सासूबाईंनी त्याला सांगितले, "अरे, मागतोस काय, शीक की. तव्यावरची तू बघ, थापायची मी बघते." काम दोघांत वाटता येते ही गोष्ट त्या एका वाक्याने पुढे आली. थापणे आणि भाजणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन माणसांनी ती केली तर अर्ध्या वेळात होतात. एकट्या बाईने दोन्ही करायची हा केवळ रिवाज होता.

भाकरी करताना पाहणे मला फार आवडते, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. सासूबाई पिठात उकळते पाणी घालतात आणि उलथन्याने कालवून थोडा वेळ झाकून ठेवतात. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. ज्वारीला धरून ठेवणारी गोष्ट हीच. मग एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने तो परातीत रगडून रगडून मळतात, इतका की त्याच्या कडेला एकही भेग दिसू नये. परातीत कोरडे पीठ पसरायचे, गोळा त्यावर ठेवायचा आणि बोटांनी थापायला लागायचे. थापता थापता भाकरी आपोआप गोल फिरत राहते, कडा पातळ होत जाते आणि त्या थापांचा आवाज शेवटी शेवटी हलका होतो. दोन्ही हातांवर उचलून ती तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. इथपासून मुलाचे काम. वरचे पाणी सुकत आले, पण पूर्ण सुकलेले नाही, अशा वेळी भाकरी उलटावी लागते. घाई केली तर ती उलथन्याला चिकटते, उशीर झाला तर तिला चिरा जातात. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरायची. मग पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते.

पीठ ताजे नसेल तर यातले काहीच जमत नाही. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणजे त्याची गोळा धरून ठेवण्याची ताकद संपते, आणि मग कितीही गरम पाणी घातले तरी भाकरी कडेने फाटत राहते. म्हणून घरातली दुसरी गोष्ट बदलली, ती दळण. पूर्वी गव्हाचे मोठे दळण महिन्यातून एकदा टाकले की झाले. आता ज्वारीचे लहान दळण दर आठवड्याला टाकावे लागते आणि ते काम नवऱ्याने घेतले आहे. ज्वारी निवडून डब्यात भरणे, गिरणीत ज्वारीच्याच दळणावर आपले दळण टाकायला सांगणे, पीठ घरी आल्यावर ते गरम असताना झाकण न लावणे, या बारीकसारीक गोष्टी तो आता न सांगता करतो. गव्हावर ज्वारी दळली गेली तर सासूबाईंना पहिल्या भाकरीलाच ते कळते.

जेवणाची वेळही बदलली. डब्यातल्या पोळ्या असताना ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो जेवत असे. कोणी आठला, कोणी दहाला, कोणी पडद्यासमोर. तव्यावरून उतरलेली भाकरी थांबत नाही, त्यामुळे सगळ्यांना एका वेळी बसावे लागते. यासाठी कोणी नियम केला नाही, भाकरीनेच तो करून घेतला. मी एक गोष्ट मात्र आग्रहाने धरली आहे: निम्म्या भाकऱ्या झाल्या की थापणारी व्यक्ती उठून जेवायला बसते आणि दुसरी तिथे जाते. सासूबाई दमल्या की मी, मी दमले की मुलगा. मुलाची भाकरी अजून अगदी गोल होत नाही, पण ती फुगते, आणि सासूबाई ती स्वतःच्या ताटात मागून घेतात.

भाकरीबरोबर ताटातल्या इतर गोष्टीही आपोआप बदलत गेल्या. पोळीबरोबर खपणारी पातळ रस्सेदार भाजी मागे पडली आणि पिठले, वांग्याचे भरीत, मेथीची परतलेली भाजी, शेंगदाण्याची सुकी चटणी, कच्चा कांदा यांना पुन्हा जागा मिळाली. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा शरीराला आवश्यक घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो, त्यामुळे पिठले-भाकरी ही जोडी शास्त्राच्या दृष्टीनेही उत्तमच ठरते. मात्र भाकरीकडे औषध म्हणून पाहणे मला पटत नाही. कोणाची साखर कमी झाली, कोणाचे वजन उतरले, अशा गोष्टी मला सतत ऐकवल्या जातात; पण भाकरीतही स्टार्चच असतो, आणि चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्या चार भाकऱ्याच होतात. आम्ही ती खातो कारण ती आम्हाला आवडू लागली आहे.

उरलेल्या भाकरीचा प्रश्न पडेल असे मला वाटले होते, तो पडलाच नाही. शिळी भाकरी कुस्करून ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घातला की सकाळची न्याहारी होते. तेलात कांदा-मिरची परतून तिचा कुस्करा केला तर मुलगा डब्यातही नेतो. सोलापूरकडे तर पातळ भाकरी वाळेपर्यंत भाजून कडक भाकरी करतात, ती कित्येक दिवस टिकते आणि आता पाकिटातून दूरवर विकली जाते. तिकडून कोणी येणार असेल तर आम्ही ती हमखास मागवतो. ती चुरून, वर कच्चे तेल, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घालून खाण्यात जे सुख आहे, ते सांगून कळणारे नाही.

सकाळच्या पोळ्या मात्र आहेत तशाच आहेत. मावशी येतात, डबे भरले जातात, आणि त्यात बदल करावा असे कोणालाच वाटत नाही. फक्त रात्रीच्या पोळ्या कमी झाल्या म्हणून मावशींच्या पगारातले पैसे कमी करायचे नाहीत, एवढे आम्ही ठरवून टाकले. त्या मोकळ्या वेळात त्या निवडणे-टिपणे करून देतात. थंडीत भोगीच्या सुमारास काही आठवडे ज्वारीची जागा बाजरी घेते, तीळ लावलेली. उन्हाळा लागला की सासूबाई पुन्हा ज्वारीवर येतात, कारण बाजरी उष्ण पडते असे त्या मानतात.

सध्या घरात चर्चा चालू आहे ती वर्षाच्या धान्याची. मार्च-एप्रिलमध्ये नवी ज्वारी बाजारात येईल तेव्हा किराणा दुकानातून थोडी थोडी घेण्याऐवजी एकदम पोते भरावे, तेही शक्यतो मंगळवेढ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याकडून थेट, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. माझा प्रश्न फ्लॅटमध्ये पोते ठेवायचे कुठे, हा आहे. सासूबाईंनी उन्हात वाळवणे आणि कडुलिंबाचा पाला घालणे आपल्याकडे घेतले आहे, आणि मुलाने पोते तिसऱ्या मजल्यावर चढवण्याचे कबूल केले आहे. बाल्कनीतले जुने कपाट त्यासाठी रिकामे करायला मी या आठवड्यात सुरुवात केली आहे.