आठाचं शून्य

आमच्या गाडीतल्या रेडिओवर दीड वर्ष शेवटच्या घरात आठ हा आकडा उमटलाच नाही. तिथली मधली आडवी रेघ गेली होती, त्यामुळे आठाचं शून्य व्हायचं. घड्याळही त्याच काचेत. मार्चमध्ये गुहागरला लग्नाला निघालो तेव्हा आण्णांनी इंजिन सुरू करून ठेवलं, पिशव्या मागे टाकल्या, आणि ८:५० बघून "वेळ आहे गो, चहा टाक" म्हणाले. वाजले होते ८:५८. जयगडच्या जेट्टीवर पोचलो तर तवसाळची फेरीबोट निम्म्या खाडीत. पुढच्या फेरीपर्यंत आण्णा माझ्याशी बोलले नाहीत, जणू आठातली रेघ मीच काढून घेतली होती.

हे आकडे सात रेघांचे असतात. सातही उमटल्या की आठ. म्हणजे रेघ कुठलीही जावो, पहिला बळी आठाचाच.

गाडी २००३ची. मालकी आण्णांची, चालवणं माझं. मालगुंडात माझं शिवणकाम आहे, कापड आणि अस्तर आणायला आरे-वारेवरून रत्नागिरीच्या फेऱ्या होतात, आणि त्या रस्त्यावरून पावसाळ्यात गाडी न्या, परत आल्यावर काचेवर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं. तोच वारा डॅशबोर्डच्या आतही जातो. बाहेरचा पत्रा आपण धुतो, आतलं कोण धुणार?

रत्नागिरीच्या एका दुकानात दाखवलं. त्यानं रेडिओकडे नीट बघितलंसुद्धा नाही, सात इंची स्क्रीन बसवा म्हणाला. आमच्या रेडिओचा खण जुन्या मापाचा, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. सात इंची स्क्रीनला त्याच्या दुप्पट उंची लागते, म्हणजे डॅशबोर्ड कापायचा. शिवाय आण्णांची बोटं त्या बटणांना सरावलेली. त्यांना हवं असतं एकच, आकाशवाणी रत्नागिरी, मीडियम वेव्ह ११४३. त्यासाठी कुणी स्क्रीनवर बोटं सरकवत बसायचं?

घरी येऊन मी सहज काचेच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला. मधली रेघ आली! अंगठा काढला, गेली. म्हणजे काच चांगली होती. काचेत शाई सांडल्यासारखा काळा डाग असता तर विषयच संपला असता, पण दाबून येणारी रेघ म्हणजे नुसता सुटलेला संपर्क. ब्लाउजचा हुक सैल झाला म्हणून कुणी ब्लाउज टाकत नाही.

बॅटरीची काळी वायर काढली. रेडिओच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं असतात, त्यात घालायच्या कंपनीच्या चाव्या कधीच हरवलेल्या. माझ्याकडे लोखंडी तारेचे हँगर चिक्कार. दोन कापले, इंग्रजी यूसारखे वाकवले, आत खुपसून बाहेरच्या बाजूला ताणले आणि ओढलं. रेडिओ ड्रॉवरसारखा पुढे आला, मागोमाग थोडी वाळू आणि पाच रुपयांचं एक नाणं. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "आण्णा, पोरीनं रेडिओ मोडलान् हो!"

तो शिवणाच्या टेबलावर घेतला, त्या टेबलाला भिंगाचा दिवा आहे. पुढचा प्लास्टिकचा चेहरा खटके सोडवून निघाला. आत काच एका पत्र्याच्या चौकटीत, चौकटीचे बारीक कान बोर्डाच्या मागे पिळून बसवलेले. ते पकडीनं सरळ केले (एकेकदाच, दोन-तीनदा वाकवले तर तुटतात) आणि काच उचलली. मला वाटलं होतं खाली वायरी असतील. एकही वायर नाही. काच आणि बोर्ड यांच्या मध्ये नुसती एक रबराची पट्टी, पायपिंगच्या दोरीएवढी. भिंगाखाली धरली तर तिच्यात काळे-पांढरे पदर, एकाआड एक, केसापेक्षा बारीक. साडीच्या काठाची सगळ्यात नाजूक वीण बघावी तसं. काळ्या पदरात कार्बन असतो, त्यातून वीज जाते, पांढऱ्यातून जात नाही. काचेच्या कडेला पारदर्शक पट्टे, समोर बोर्डावर तांब्याचे, आणि मधली पट्टी ज्याचं त्याला पोचवते. ना सोल्डरचा डाग, ना टाका, सगळा कारभार दाबावर. हिला झेब्रा स्ट्रिप म्हणतात हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या भाच्यानं नंतर सांगितलं.

तांब्यावर हिरवट साय धरलेली. इथे मी माती खाल्ली. कोरोनातलं सॅनिटायझर घरात पडून होतं, त्यात अल्कोहोल असतंच की, म्हणून त्यानंच पुसलं. सगळं जोडून सुरू केलं तर आधी होते ते आकडेही गेले, काचेवर फिकट भुतं तेवढी. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात, ते मागे चिकट राहतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. भाचा फोनवर इतका हसला की मी फोन ठेवला.

चार दिवस रेडिओ आंधळाच चालवला, कारण आण्णांना त्यांचं स्टेशन हवं होतं. मीडियम वेव्ह ५३१ला सुरू होतो आणि प्रत्येक दाबाला ९ पुढे जातो. ११४३ला पोचायला ६८ वेळा बटण दाबावं लागतं. आण्णा मोठ्यानं मोजायचे आणि साठाच्या पुढे कुणी बोललं तर चिडायचे.

भाच्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली पाठवली. पुन्हा उघडलं. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं बोर्ड पुसला, काचेची कड पुसली, झेब्रा पट्टी नुसती बुडवून काढली. तिला घासायचं नाही, पुसल्यावर बोटही लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. मी चिमट्यानं धरली. अर्धा तास तशीच वाळत ठेवली.

पण साफसफाईनं अर्धंच काम झालं असतं. वीस वर्षं दाबून ते रबर चेपलं होतं, चौकट पूर्वीसारखी दाबत नव्हती. मग कॉलरमध्ये घालते त्या बकरमची दोन मिलिमीटर रुंद पट्टी कापली आणि काचेच्या वरून, चौकटीच्या खाली, फक्त कडेला ठेवली. जिथून वीज जाते तिथे नाही, नुसता भार वाढावा म्हणून. कान पुन्हा पिळले. बकरम ओल धरतं, हे मला माहीत आहे. जूनमध्ये काय ते कळेल.

बॅटरी जोडली तर काचेवर ठळक अक्षरांत 'कोड'. बॅटरी सुटली की हा रेडिओ चोरीचा समजून चार आकडे मागतो.   कोडचा कागद आण्णांच्या पाकिटात, त्यांच्याच अक्षरात, आणि त्यांचा एक आणि सात ओळखायचा म्हणजे नशिबाची गोष्ट. चुकीचे प्रयत्न जास्त झाले की रेडिओ रुसतो आणि बराच वेळ काही घेत नाही. दोनदा चुकलं. आण्णांना बोलावलं. त्यांनी कागद लांब धरला, "सात आहे तो, आंधळी आहेस काय?" म्हणाले. शेवटचा आकडा होता आठ. चार नंबरचं बटण आठ वेळा दाबलं. आठव्या दाबाला शून्याच्या पोटात मधली रेघ उभी राहिली, म्हणजे आडवी, पण आम्हा दोघांनाही ती उभीच राहिल्यासारखी वाटली.

एक राहिलं. काचेमागे दोन बारीक दिवे आहेत, हिरव्या रबरी टोपीतले, त्यातला डावा गेलाय आणि तसला अजून मिळाला नाही. दिवसा काही कळत नाही. रात्री ११४३मधले पहिले दोन आकडे अंधारात आणि नुसते ४३ दिसतात. आण्णा म्हणाले, अकरा माझे पाठ आहेत.