वाहाकाला जाताय? घड्याळ बघून जेवा

स्पेलिंगमधला एक्स बघून आम्ही निघेपर्यंत 'ओक्साका, ओक्साका' करत होतो. टॅक्सीवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत दुरुस्त केलं: वाहाका. मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं, साधारण दीड हजार मीटर उंचीवरचं हे शहर. आम्ही ह्यूस्टनहून फेब्रुवारीत चार रात्रींसाठी गेलो होतो. मी, नवरा आणि साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. आम्ही दोघं काहीही खातो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तेव्हा हा वृत्तांत दोन्ही पंक्तींना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट सांगते, ती कळायला आमचा पहिला दीड दिवस वाया गेला. मी 'इथे खायचंच' अशी लांबलचक यादी करून नेली होती आणि ती घेऊन भलत्या वेळी भलतीकडे पोचत होतो. रात्री आठला जिथे गेलो ते दुकान दुपारीच बंद झालेलं, आणि दुपारी जिथे गेलो तिथे कोळसासुद्धा पेटलेला नव्हता. वाहाकात पदार्थाला वेळ असते (नावं परकी वाटली तर पुढे एकेकाची ओळख करून देते). मेमेला सकाळी, तेहाते उन्हं चढल्यावर, पोटभर जेवण दुपारी दोन ते चार, त्लायुदा रात्री. बार्बाकोआ रविवारी, आणि तेही शहराबाहेर. यादी जागांची नको, वेळांची करा.

सकाळपासून सुरू करते. मेमेला म्हणजे मक्याची जाडसर, कडा चिमटून उचललेली छोटी भाकरी. वर काळ्या घेवड्याचं वाटण आणि किसलेलं चीज. पहिल्या सकाळी बाजारातल्या एका ठेल्यावर मी ऐटीत 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगून तीन मागवल्या. आईंनी अर्धी संपवली आणि म्हणाल्या, "तुपाची बेरी लावल्यासारखं लागतंय गं. खमंग आहे." माझ्या पोटात गोळा आला. ती बेरीच होती, फक्त डुकराच्या चरबीची. तिला 'असिएंतो' म्हणतात. डुकराची कातडी तळल्यावर कढईच्या तळाशी जी तपकिरी खरवड उरते ती. मेमेलावर आणि त्लायुदावर तिचा हात फिरवतातच, आणि ठेलेवालीच्या हिशेबात ते 'मांस' नाही. तिची काही चूक नव्हती, मी प्रश्नच अर्धा विचारला होता. आईंनी मेमेला खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "साताऱ्यात बोलू नकोस. आणि ते वाक्य नीट पाठ कर."

तर वाक्य असं: 'सिन कार्ने, सिन असिएंतो, सिन मान्तेका'. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घेवडा पुष्कळदा तिच्यातच परततात, म्हणून तिसरा तुकडा विसरू नका. पातळ काही मागवताना विचारा, 'येवा काल्दो दे पोयो?' म्हणजे यात कोंबडीचं पाणी आहे का. ही दोन वाक्यं फोनवर लिहून ठेवा आणि सरळ दाखवा. कोणी नाक मुरडत नाही.

आईंचा रुसवा दुसऱ्या सकाळी इतानोनी नावाच्या खानावळीत गेला. हे रेफॉर्मा नावाच्या वस्तीत आहे, मध्यवर्ती भागापासून उत्तरेला. चालत गेलात तर भूक लागेल एवढं लांब, नाहीतर टॅक्सी. सकाळी उघडतं आणि दुपारनंतर आवरतं. देशी वाणांचा मका हीच इथली ओळख: पिवळा, पांढरा, निळसर काळा, आणि कोणत्या पदार्थाला कोणता हे ठरलेलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, धुऊन दळतात. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात. साल सुटतं आणि पीठ असं चिकट होतं की नुसत्या पाण्यावर पोळी वळते. आपल्या मक्याच्या भाकरीला कडेला भेगा का जातात आणि यांच्या तोर्तियाला, म्हणजे मक्याच्या पोळीला, का नाही, याचं उत्तर त्या चुन्यात आहे.

आईंनी खुर्ची उचलून तव्याजवळच नेली. तवा मातीचा, चुना फासलेला, त्याला कोमाल म्हणतात. बाई उलथनं वापरत नव्हती. कडेला बोट लावायचं, पोळी सुटली की नाही याचा अंदाज घ्यायचा आणि चिमटीने पालटायची. तिसऱ्यांदा पालटल्यावर मधोमध दोन बोटांनी हलकेच दाबलं आणि पोळी टम्म फुगली. "हे मला येतं," असं आईंनी मराठीत सांगितलं, हाताने थापून दाखवलं, आणि बाईने हसून त्यांच्या हातावर एक गरम तोर्तिया ठेवली. पुढची दहा मिनिटं त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मी मध्ये पडले नाही.

तिथे तेतेला मागवा. पिठाची त्रिकोणी घडी आणि आत काळा घेवडा. वाहाकात घेवड्यात ॲव्होकाडोचं पान घालतात, त्याला बडीशेपेसारखा वास येतो. दुसरं, ओखा सांता नावाचं मोठं पान आत दुमडलेली तोर्तिया. चाफ्याच्या पानाएवढं पान, चव ओव्याच्या आणि बडीशेपेच्या मधली. बरोबर पाण्यातलं चॉकलेट घ्या. दुधातलं नको, दुधात कोकोचा तुरटपणा बुडतो.

तेहाते दुपारच्या आत प्यायचं पेय आहे. बेनितो हुआरेस बाजारात आणि आसपासच्या फुटपाथवर बाया मोठी परात घेऊन बसलेल्या दिसतात. वर पांढरा फेस तरंगतो, तो बघून आई म्हणाल्या, "कपडे भिजवलेत का?" राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि रोसिता दे काकाओ नावाचं सुगंधी फूल, हे सगळं एकत्र वाटतात. मग थंड पाणी घालत हाताने, कोपरापर्यंत हात बुडवून फेटतात. रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत, साखरेचा पाक घालून देतात. थंडगार, मातकट, किंचित कडसर. नवऱ्याने एका घोटात नापास केलं, आईंनी दोन वाट्या प्यायल्या. दूध नाही, अंडं नाही, चरबी नाही, म्हणजे शाकाहाऱ्यांनी निर्धास्त राहावं. मामेय फळ दिसलं तर तेही घ्या. चिकूच्याच कुळातलं, केशरी गराचं आणि बरंच गोड. चिकूसुद्धा मूळचा इकडचाच.

त्याच बाजारात एक म्हातारी चपट्या हिरव्या-लाल शेंगांच्या जुड्या विकत होती. आई थबकल्या. "अगं, ही तर सुबाभळीची शेंग! शेळ्यांना घालतो आपण." मी फोन काढून बघितलं, आणि खरंच. इथे तिला ग्वाहे म्हणतात, आणि शहराचं नाव त्याच झाडावरून पडलंय. नावात्ल भाषेत 'ग्वाहेच्या झाडांचं नाक' अशा अर्थाचा शब्द होता, स्पॅनिश तोंडात त्याचं वाहाका झालं. उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने आपल्याकडे जनावरांच्या चाऱ्यासाठी ज्या झाडाचा प्रसार केला, त्याच्या कोवळ्या बिया इथे माणसं कच्च्या खातात. आम्ही खाल्ल्या. लसणीसारखा उग्र वास, आणि तो बराच वेळ तोंडात राहतो. पुढे आणखी ओळखीचे भेटले: पालेभाजीच्या ढिगात आपली घोळ, आणि राजगिऱ्याच्या वड्या. वड्यांचं इथलं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आईंनी एकादशीसाठी सहा घेतल्या.

चापुलिनेस म्हणजे लिंबू, मीठ, लसूण लावून भाजलेले नाकतोडे. टोपल्यांचे डोंगर असतात आणि चव बघायला चिमूटभर देतात. बारीक घ्या, मोठ्यांचे पाय दातात अडकतात. नवऱ्याला ते बिअरबरोबर चकल्यांपेक्षा आवडले, यावर मी काही बोलत नाही.

दुपारचं जेवण. शेजारीच वीस नोव्हेंबरचा बाजार आहे. 1910 ची मेक्सिकन क्रांती त्या तारखेपासून मोजतात. त्याच्या एका बाजूला धुराची गल्ली आहे, दोन्ही हातांना निखारे आणि वर मांसाच्या चादरी लटकलेल्या. इथली पद्धत माहीत नसेल तर गोंधळ उडतो. मांस एका दुकानातून वजनावर घ्यायचं: तासाहो म्हणजे गोमांसाचे पातळ पत्रे, सेसिना म्हणजे तिखट लावलेलं डुकराचं मांस. ते भाजून देतात. तोर्तिया, भाजलेल्या मिरच्या, कांद्याची पात, ग्वाकामोले (ॲव्होकाडोची चटणी) वेगवेगळ्या बायकांकडून येतं आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे. शिरल्या शिरल्या चार जण हाताला धरून ओढतात. हसून नको म्हणा, एक फेरी मारा, मग ठरवा. वजन सांगताना दोघांना अर्धा किलो पुष्कळ होतं; आम्हाला आग्रहाने एक किलो बांधत होते. आईंना त्या धुरात बसवणं शक्य नव्हतं. त्याच बाजारात आतल्या बाजूला खानावळी आहेत, तिथे त्यांनी चॉकलेट आणि पान दे येमा घेतला. थांबा, येमा म्हणजे अंड्याचा पिवळा बलक! हे मला पाव मोडायच्या आधी आठवलं, नशीब. अंडं न खाणाऱ्यांनी फक्त चॉकलेट घ्यावं.

कमी गर्दी हवी असेल तर ला मेर्सेद बाजार. सोकालो, म्हणजे मुख्य चौकापासून पूर्वेकडे पंधरा मिनिटं चालत. पर्यटक कमी, शेजारपाजारचे लोक जास्त. तिथे फोंदा फ्लोरेसिता नावाची खानावळ आहे, सकाळच्या न्याहारीला बरी. जेवणाऱ्यांच्या शेजारून जाणारा प्रत्येक जण 'प्रोवेचो', म्हणजे 'चांगलं जेवा', म्हणतो. आपणही म्हणायचं. आई दुसऱ्या दिवसापासून सगळ्या टेबलांना वाटत सुटल्या होत्या.

मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं दाट वाटण, त्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. वाहाकाच्या सात मोलेंची नावं सगळीकडे ऐकाल. काळा मोले एकदा खायलाच हवा: चिल्वाक्ले मिरची जवळजवळ जळेपर्यंत भाजलेली, तीळ, मसाले, शेवटी चॉकलेट. गोडा मसाला काळसर भाजून केलेलं वाटण ज्याने खाल्लंय त्याला हा परका वाटणार नाही. पण बाजारातल्या मोलेत कोंबडीचं पाणी आणि चरबी असणारच असं धरून चाला. शाकाहाऱ्यांसाठी एखादं चांगलं रेस्तराँ राखून ठेवा. आम्ही लेवादुरा दे ओयामध्ये गेलो. रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशेलिनची मेक्सिकोतली पहिली यादी 2024 मध्ये आली, तेव्हा याला तारा मिळाला. तालिया बार्रियोस या तिथल्या मुख्य स्वयंपाकीण, आणि पदार्थ डोंगरातल्या गावांकडच्या स्वयंपाकातले. देशी टोमॅटोंचं ताट आईंनी एकटीने संपवलं: सहा-सात जातींचे टोमॅटो, एकही आपल्या टोमॅटोसारखा नाही. आरक्षण आधी करा. बाजारातल्या जेवणाच्या कितीतरी पट बिल होईल, पण ह्यूस्टनच्या मानाने तरीही कमीच.

संध्याकाळी सोलेदाद चर्चसमोरच्या सोक्रातेस बागेत नियेवेस, म्हणजे बर्फाच्या भांड्यात फिरवून केलेलं आइस्क्रीम. लेचे केमादा आणि तुना, अशी जोडी मागा. पहिलं मुद्दाम करपवलेल्या दुधाचं, दुसरं निवडुंगाच्या गुलाबी बोंडांचं. आईंनी चमचा तोंडात घातला, "दूध लागलंय," असा निकाल दिला, आणि कप परत दिला नाही.

रात्री नऊनंतर लिब्रेस नावाच्या रस्त्यावर जा. फुटपाथवरच कोळशाच्या शेगड्या असतात. त्लायुदा म्हणजे ताटापेक्षा मोठी, अर्धवट कडक तोर्तिया. घेवडा, कोबी आणि केसियो नावाचं धाग्यांचं चीज घालून, दुमडून थेट निखाऱ्यावर. इथेही 'सिन असिएंतो' सांगायचंच. एक दोघांत पुरते. आम्ही तीन मागवल्या, दीड उरली, ती सकाळी कोरडी खाल्ली आणि खरं तर जास्त आवडली. मेस्काल, म्हणजे मागेय या घायपातीच्या जातीच्या झाडाची दारू, प्यायलात तर बरोबर संत्र्याची फोड आणि लालसर मीठ येतं. ते नुसतं तिखट-मीठ नसतं, त्यात मागेयमधली भाजलेली अळी कुटलेली असते. शाकाहाऱ्यांनी संत्रं पुसून घ्यावं.

मुक्कामात एक रविवार येईल असं बघा. त्लाकोलुला शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. बेसबॉल स्टेडियमजवळच्या हमरस्त्यावरून बस किंवा सामायिक टॅक्सी मिळते. तिथला आठवडी बाजार रविवारी भरतो. नवऱ्याने बार्बाकोआ खाल्ला: जमिनीतल्या खड्ड्यात वाफवलेलं बकऱ्याचं मांस आणि त्याचा रस्सा. अकराच्या आत पोचा, चांगले तुकडे संपतात. त्याच वाटेवर यागुल आणि मित्लाच्या गुहा आहेत. 2010 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं, कारण तिथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या. आम्ही तिथवर गेलो नाही. आईंना बाजारातून उठवणं जमलं नाही.

आता सुटं सुटं. ठेल्यांवर रोखच चालते. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि ते 'तुमच्या चलनात बदलून देऊ का' विचारेल तेव्हा नाही म्हणा. आम्हाला मेमेला तीस-चाळीस पेसोंना, त्लायुदा शंभर ते दीडशेला पडली. बसून खायच्या जागी दहा ते पंधरा टक्के बक्षिसी. नळाचं पाणी दात घासायलाही नको. ओआरएसची पाकिटं घरून न्या. जुलैच्या उत्तरार्धात गेलागेत्सा उत्सव असतो आणि नोव्हेंबरच्या एक-दोन तारखेला मृतांचा दिवस. तेव्हा हॉटेलांचे दर चढतात आणि रात्रीच्या त्लायुदाला रांगा लागतात. मेक्सिको सिटीहून येणार असाल तर तापो स्थानकातून बस आहे, सहा-सात तास. भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी नियम एकदा बघून घ्या.

शेवटच्या सकाळी मीना रस्त्यावर जा, वीस नोव्हेंबर बाजाराला लागूनच. गिरण्यांमधून चॉकलेटचा वास दोन चौक आधी येतो. कोको, बदाम, दालचिनी आणि साखर तुमच्यासमोर दळून देतात, आपल्या मसाल्याच्या डंकासारखंच. प्रमाण आपण सांगायचं. आम्ही साखर नेहमीच्या अर्धी सांगितली. घरी येऊन प्यायल्यावर आईंना तीही जास्त वाटली. तुम्ही पाव सांगा.