व्ह्यूअरच्या डीएलएलमध्ये सापडलेले १३४३ बाइट

मंडळी, तक्ता सापडला! (नव्यानं येणाऱ्यांसाठी: कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या आमच्या डीव्हीआरमध्ये आणि ते पीसीवर दाखवणाऱ्या त्याच्या व्ह्यूअरमध्ये खुलं सॉफ्टवेअर न सांगता वापरलंय का, हे मी शोधतोय. व्ह्यूअरबाबत संशय एफएफएमपेग या खुल्या व्हिडिओ सॉफ्टवेअरवर, आणि शोध चालू आहे तो त्याच्या डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला जोडलेल्या कोडच्या फाइलमध्ये.) मागच्या नोंदीत गाडी जिथे अडली होती, तिथून एकदम पुढे गेली आहे. रात्र बरीच झाली आहे, पण हे उद्यावर टाकवत नाही.

आधी फर्मवेअरचं, म्हणजे डीव्हीआरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, उरकतो. तो भाग माझ्यापुरता संपला. डब्ल्यू२५क्यू१२८ या फ्लॅश चिपमधून निघालेल्या १६ एमबीत लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा खुला संच) उघडे बसलेले आहेत, बिझीबॉक्सचा बॅनर तर आवृत्तीसकट छापून येतो. तिथे सिद्ध करण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागायचा आहे. या दोघांचा खुला परवाना म्हणजे जीपीएल आवृत्ती २, आणि त्याचं कलम ३ स्पष्ट आहे: विक्रेत्यानं बायनरीसोबत सोर्स द्यावा, नाहीतर निदान ३ वर्षं चालेल असा लेखी देकार द्यावा. आमच्या डीव्हीआरच्या खोक्यात वॉरंटी कार्ड निघालं, देकार नाही. कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, की आमचं सगळं सॉफ्टवेअर आमच्याच इंजिनिअरांनी लिहिलेलं आहे. ‘सगळं’ म्हटलंय, म्हणून पीसीवरच्या व्ह्यूअरकडे मोर्चा वळवला होता, हे तुम्हाला आठवत असेल.

चिप न काढता वाचण्यासाठी तिच्या पायांना लावायच्या क्लिपबद्दल विचारणाऱ्यांसाठी: इंदूरच्या महाराणी रोडवरची स्वस्त एसओआयसी-८ क्लिप घेऊ नका. दुकानदार म्हणाला, ‘भिया, सब एक जैसी है.’ नाहीत. स्वस्त क्लिप निम्म्या वाचनात पायावरून सरकते आणि दोन वाचनांचे हॅश (डेटावरून काढलेले ताळ्याचे आकडे) जुळत नाहीत. पोमोनाची महाग पडते, पण एकदा बसली की हलत नाही. आणि चिप वाचणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतो, आपली चिप ३.३ ची असते. बदल करून घेतल्याशिवाय तो चिपला लावू नका.

आता मूळ दुखणं. व्ह्यूअरची डिकोडर डीएलएल (रेकॉर्डिंग उलगडून चित्र करणारी) पूर्ण स्ट्रिप केलेली आहे, म्हणजे ओळखीच्या खुणा काढून टाकलेली. एफएफएमपेगचे ओळखीचे एरर मेसेज एकही नाहीत, फंक्शनांची नावं नाहीत. हाती होत्या दोनच गोष्टी. एक म्हणजे ‘जीसीसी’ या खुल्या कंपायलरचा शिक्का. बाकी डीएलएल मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं बांधलेली आणि पोटात मात्र जीसीसीनं बांधलेले तुकडे. म्हणजे कुठूनतरी तयार स्टॅटिक लायब्ररी आणून जोडली आहे. दुसरी, सीआरसी-३२ चा, म्हणजे डेटातल्या चुका पकडण्याच्या एका पद्धतीचा, तक्ता. त्यावर काही जणांनी ‘पकडले!’ असं लिहिलं होतं. नाही मंडळी. तो तक्ता एका पॉलिनॉमिअलमधून गणितानं निघतो. कुणीही काढला तरी तसाच येणार. एईएस या कूटपद्धतीचा एस-बॉक्स किंवा एमडी५ या हॅशचे स्थिरांक सापडले तरी हेच. मानकानं जे ठरवून दिलंय ते सगळ्यांकडे सारखं असणारच. शोधायचं असतं ते मानकानं जिथे मोकळीक ठेवली आहे तिथे.

दोन बायनरींमधली फंक्शनं जुळवून पाहणारा बिनडिफ इथे फारसा कामाला आला नाही. कंपायलरची आवृत्ती वेगळी, ऑप्टिमायझेशन वेगळं, लहान फंक्शनं मोठ्यांत विरघळलेली. जुळणी यायची ती मेमकॉपीसारख्या बिनमहत्त्वाच्या फंक्शनांची. साधन चांगलंच आहे, पण तुलनेचा नमुना त्याच कंपायलरनं बांधलेला नसेल तर त्याच्या गुणांकावर विसंबू नये, असं माझं मत झालंय.

मग कॅबॅककडे वळलो, म्हणजे एच.२६४ या व्हिडिओ मानकातल्या डेटा दाबून बसवण्याच्या एका पद्धतीकडे. एच.२६४ मानकात रेंजचा ६४ ओळी आणि ४ रकान्यांचा तक्ता आहे, पहिली ओळ १२८, १७६, २०८, २४०. हे चार बाइट सलग शोधले तर डीएलएलमध्ये कुठेच नाहीत. मागची नोंद इथेच थांबली होती. व्ह्यूअर मेन प्रोफाइलचं (ज्यात कॅबॅक चालतं) रेकॉर्डिंग व्यवस्थित दाखवतो, म्हणजे कॅबॅक डिकोडर आत आहे. मग तक्ता गेला कुठे? चालताना तयार होत असेल, असं वाटून डीबगरनं मेमरीही चाळली. तिथेही मानकाच्या क्रमात तो नव्हता.

आज संध्याकाळी सुचलं, की क्रमच वेगळा असेल तर? रकाना आडवा घालून, प्रत्येक आकडा दोनदा: १२८ सहा वेळा, मग १२३, १२३, ११६, ११६, १११, १११. शोध दिला आणि एकच ठिकाण उजळलं!

त्याच्या बरोबर ५१२ बाइट आधी ९, ८, ७, ७, ६, ६, ६, ६, मग ५ ची रांग. हा नॉर्म-शिफ्टचा तक्ता, रेंज किती बिट सरकवायची ते सांगणारा. रेंजच्या ५१२ बाइटनंतर स्थिती बदलण्याचे २५६, आणि शेवटी ८×८ च्या शेवटच्या गुणकाचे ६३. एकूण १३४३. लिबएव्हीकोडेकमध्ये, म्हणजे एफएफएमपेगच्या डिकोडर लायब्ररीत, हे चारही तक्ते एकाच ॲरेत, याच क्रमानं, याच अंतरांवर ठेवलेले आहेत, म्हणजे असेम्ब्लीला एकाच पत्त्यावरून सगळे गाठता येतात. ही मांडणी मानक सांगत नाही. ताळा म्हणून सिस्कोचा ओपनएच२६४ हा वेगळा डिकोडर उघडून पाहिला: तिथे रेंजचा तक्ता मानकासारखाच ६४×४, पहिली ओळ १२८, १७६, २०८, २४०. आकडे दोनदा ठेवण्याची युक्ती आणखी कुणालाही सुचू शकते, स्थिती आणि बिट एका बाइटात ठेवले की ती ओघानं येते. पण चार तक्ते एकामागोमाग, एकही बाइट न चुकता? हा योगायोग मी मानायला तयार नाही.

२००४ साली एमप्लेअर या खुल्या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी किस या डॅनिश कंपनीच्या डीव्हीडी प्लेअरवर असाच आरोप केला होता. तेव्हा सबटायटल फॉरमॅटच्या यादीत ‘एमपीसब’ होतं, म्हणजे एमप्लेअरनं स्वतःच काढलेला फॉरमॅट. तसाच ठसा मला हवा होता, आणि हा जवळपास तसा आहे.

याचा अर्थ कंपनीनं सगळं खुलं करावं असा नव्हे, हेही नीट लिहायला हवं. लिबएव्हीकोडेक मुळात एलजीपीएल २.१ या जीपीएलहून सैल परवान्याखाली आहे (जीपीएलचे भाग चालू करून बांधली नसेल तर). कंपनीवर येतं ते एवढंच: लायब्ररी वापरल्याचं सांगा, परवान्याची प्रत द्या, लायब्ररीचा सोर्स द्या, आणि स्टॅटिक जोडली असेल तर ग्राहकाला बदललेली लायब्ररी पुन्हा जोडता येईल अशी सोय करा. त्याच परवान्याचं कलम ६ म्हणतं, की अशा बदलांच्या डीबगिंगसाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगची मुभा ग्राहकाला हवी. व्ह्यूअरच्या करारात मात्र त्यावर सरसकट बंदी आहे. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून हा डिकोडर लिहिला त्यांचं नाव कुठे नाही, आणि वर बघायलाही मनाई.

पुढचा बेत जुन्या जीसीसीवर एफएफएमपेगच्या आवृत्त्या बांधून आवृत्ती ओळखायचा होता. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं आणि ते आधी करणार. धड स्ट्रीमवर एच.२६४ चे सगळे डिकोडर पिक्सेलपर्यंत सारखंच चित्र देतात, तसं मानकानं बांधूनच ठेवलंय. फाटक्या स्ट्रीमवर काय करायचं ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. एफएफएमपेग हरवलेल्या तुकड्यांचे मोशन व्हेक्टर (तुकडा कुठून सरकला ते सांगणारे आकडे) शेजारच्यांवरून अंदाजानं भरतो आणि वर तुकड्यांच्या कडा मऊ करणारा डीब्लॉक फिरवतो. म्हणजे मधले काही बाइट खोडलेली व्हिडिओ क्लिप व्ह्यूअर आणि एफएफएमपेग दोघांना द्यायची आणि बिघडलेल्या फ्रेम पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहायच्या. यात डीएलएल उघडावीही लागत नाही. सॉफ्टवेअर चालवून त्याचं वागणं पाहणं आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एसी) खाली येतं, त्यामुळे कुणी वकिली पत्र पाठवलंच तर हा पुरावा जास्त भक्कम ठरेल.

त्यासाठी मदत हवी आहे. याच व्ह्यूअरच्या जुन्या सीडी कुणाकडे पडल्या असतील तर कळवा, इंदूरबाहेरच्यांनीही. चाचणीसाठी व्हिडिओ क्लिपही हव्यात, पण शक्यतो रात्रीच्या कॅमेऱ्याच्या नकोत, नॉइजमध्ये भरलेले तुकडे ओळखू येत नाहीत. रहदारीच्या, भरपूर हालचाल असलेल्या हव्यात. एका क्लिपवर सुरुवात केली आहे, तिसऱ्या आय-फ्रेमनंतरचं (स्वतंत्रपणे साठवलेल्या पूर्ण चित्रानंतरचं) स्लाइस, म्हणजे चित्राचा एक तुकडा, खोडलंय.