लाल पोशाखातली बाई

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका सरकारी शाळेत मी चित्रकला शिकवते. त्या दिवशी वर्गात दोन डझन अंडी, टाचण्या, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि जॉर्ज टूकरच्या 'द सबवे' या चित्राची मोठी छापील प्रत होती. नववीची मुलं. बहुतेक जण रोज सबवेनंच, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेनंच शाळेत येणारी.

हे चित्र १९५० सालचं. टूकर इथलाच, ब्रुकलिनमध्ये १९२० साली जन्मलेला. चित्र मॅनहॅटनच्या व्हिटनी संग्रहालयाकडे आहे. तिथे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चमकलेच. पुस्तकांत बघून ते भिंतभर असेल असं मनात बसलं होतं, आणि समोर होतं जेमतेम ४६ बाय ९२ सेंटिमीटर! मधोमध लाल पोशाखातली बाई, एक हात पोटाशी, चेहरा भेदरलेला. आजूबाजूला लांब कोटातले पुरुष. कोणी कोनाड्यात उभा, कोणी आडून डोकावतोय. ठेंगणं छत, लोखंडी गज, जिना. गाडी मात्र कुठेच नाही.

आधी अंडी घेतली. टूकर एग टेम्परात काम करायचा, म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकात पाणी आणि रंगाची पूड कालवून. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा, पांढरं पुसत राहायचं, मग वरची पातळ पिशवी चिमटीत धरून टोचायची. बलक वाटीत उतरतो, पिशवी चिमटीत राहते. पहिल्या फेरीत निम्मी अंडी फुटली, भरपूर किंचाळणं झालं. पण ब्रश हातात आल्यावर वर्ग आपोआप शांत झाला. हा रंग बघता बघता वाळतो, तेलरंगासारखा कागदावर मिसळत बसता येत नाही. बारीक रेघेशेजारी बारीक रेघ, तिच्यावर तिसरी, असंच चढवत जावं लागतं. टूकरची वर्षाकाठी मोजकीच चित्रं का पूर्ण व्हायची, हे मुलांना मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग दोरा. आदल्या आठवड्यात यथार्थदर्शन शिकवलं होतं. छताच्या, जमिनीच्या, भिंतींच्या रेषा लांबवल्या की दूरवर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू या चित्रात शोधा, एवढंच सांगितलं. मुलांनी प्रतीवर टाचण्या टोचल्या, दोरे ताणले. डावीकडच्या बोळातले दोरे एकीकडे गेले, उजवीकडचे भलतीकडेच. "मिस, आमचं चुकलंय, काढून पुन्हा लावतो," एक मुलगा म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, नीट लावलंय तुम्ही, या चित्रात एकच बिंदू नाहीये.

तीन महिन्यांपूर्वी ढाक्याहून आलेली एक मुलगी मागे उभी होती. वर्गात ती सहसा बोलत नसे. दोऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "ती त्या माणसांना घाबरलेली नाहीये. बाहेर जायचा रस्ता कुठे आहे तेच तिला कळत नाहीये."

किती वर्षं मी हे चित्र शिकवतेय, आणि दरवेळी बोट त्या कोटवाल्यांकडेच दाखवत आलेय. त्यांच्या सारख्याच चेहऱ्यांबद्दल, टूकरला इथे माणसाच्या जाणिवांचा नकार दिसला त्याबद्दल मी भरभरून बोलते. ते खरंही आहे. पण ती जागाच तिला वाट देत नाही, हे एका मुलीनं दोऱ्यांवरून वाचलं. कदाचित इथे आल्यापासून प्रत्येक स्टेशनात ती तेच शोधत असेल. तसं मी विचारलं नाही. मला फार भरून आलं, म्हणून वाट्या गोळा करायला वळले.

तास संपला तरी ती ब्रश घेऊन बसली होती. तिच्या कागदावर एक डोळा आणि अर्धा गाल, बस्स. पण प्रत्येक रेघ अशी जपून मारलेली की माझ्यानं हात लावून बघवेना.

"कोण गं ही?"

"सात नंबरच्या गाडीत रोज समोर बसतात त्या काकू. नाव नाही माहीत."

नाक राहिलं होतं. उद्या गाडीत नीट बघून येते, म्हणाली.